नऊ नंबरचा शर्ट आणि एक शाल

उपनगर वार्ताहर म्हणजे वर्तमानपत्रातला असा माणूस, ज्याला स्वतःचं खातं नसतं. मुख्य कचेरीत क्रीडा, गुन्हे, महापालिका यांची वेगवेगळी टेबलं होती. अंधेरीपासून पुढचं जे काही घडेल ते ऐंशीच्या दशकात एकट्या माझ्याकडे होतं. सकाळी पोलीस ठाण्यांची फेरी, दुपारी वॉर्ड ऑफिस, संध्याकाळी एखादी सभा किंवा सामना. मग ओळखीच्या दुकानदाराच्या फोनवरून कचेरीला बातम्या सांगायच्या. पलीकडे बसलेला माणूस त्या लिहून घ्यायचा आणि मध्येच म्हणायचा, "पुरे. जागा नाही."

जागा सगळ्यात जास्त खायचे सत्कार. माझ्याकडे येणाऱ्या कागदांपैकी निम्मे सत्काराच्या बातम्यांचे असत. बोरिवलीचे एक गृहस्थ निवृत्त झाले म्हणून त्यांचा सत्कार झाला. निवृत्तीला वर्ष झालं म्हणून पुन्हा झाला. तिसऱ्यांदा ते बातमी घेऊन आले तेव्हा मी विचारलं, "आता कशाबद्दल?" ते म्हणाले, "सत्कार समितीचा अध्यक्ष झालो, त्याबद्दल." मी ती बातमी दिली. दोन ओळी आल्या.

हे हसण्यासारखं आहे, पण त्यामागे एक साधी गोष्ट होती. गिरण्यांतून बाहेर पडून उपनगरातल्या वसाहतींत आलेल्या माणसांना एखाद्याविषयीचा आदर चारचौघांत दाखवायचा तर एकच रीत ठाऊक होती. शाल, नारळ, हार आणि माईकवर दोन शब्द. वाढदिवस असो, पदोन्नती असो, परदेशी जाणारा मुलगा असो, रीत तीच. मी पाहिलेल्या सर्वांत धक्कादायक प्रसंगात हीच रीत होती. त्याच्या आधी घडलेलाही एक प्रसंग आहे. दोन्ही एकाच मैदानावर घडले, आणि दोन्हींच्या मागे फुटबॉलचा एकच संघ होता.

अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीला लागून, हाउसिंग बोर्डाची एक जुनी वस्ती होती. मध्ये मैदान आणि तीन बाजूंना चार मजली इमारती. सामना असला की लोक गॅलरीतून बघत. तिथल्या संघाला आपण वाडी इलेव्हन म्हणू. कारखान्यांत कामाला जाणारी ही मुलं पाचची सुटी झाली की सरावाला उतरत. त्यांचा कर्णधार नंदू एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर होता. सेंटर फॉरवर्ड दिनेश, शर्ट नंबर नऊ. त्या भागातल्या कुठल्याही संघाला हेवा वाटावा असा खेळाडू.

त्याच सुमाराला टीव्हीवर परदेशी सामने दिसू लागले होते. त्याआधी आमच्याकडे गोल झाला की पोरं हात मिळवून मागे फिरत. टीव्ही आल्यावर गोल करणारा कॉर्नरकडे धावत सुटायला लागला. कुणी गुडघ्यांवर घसरायचा, कुणी शर्ट डोक्यावर ओढायचा. म्हातारे पंच वैतागत. "नाटक कंपनी आहे का रे ही?" असं एक पंच शिट्टी तोंडातून काढून ओरडल्याचं मला आठवतं. लोकांना मात्र ते आवडायचं.

त्या वर्षी स्पर्धा सुरू असताना दिनेशला अटक झाली.

प्रकरण असं होतं. वस्तीतली एक मुलगी औद्योगिक वसाहतीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात जुळणीचं काम करायची. मी तिला इथे सुमन म्हणतो. तिचं खरं नाव आमच्या वर्तमानपत्राने तेव्हा छापलं नाही, मीही आता लिहिणार नाही. हल्ला सोसलेल्या बाईचं नाव द्यायचं नाही, असा आमच्या संपादकांचा नियम होता. बातमीत "एक तरुणी" एवढंच यायचं. दिनेशने तिला लग्नासाठी विचारलं होतं. तिने नाही म्हटलं. पुढे महिनाभर तो तिच्या मागे फिरला. एका संध्याकाळी कारखाना सुटल्यावर, बसस्टॉपवर, त्याने दाढीच्या ब्लेडने तिचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत चिरला.

पाचच्या सुटीला त्या स्टॉपवर तोबा गर्दी असायची. पोलिसांना मात्र एकही साक्षीदार मिळाला नाही. प्रत्येकजण म्हणाला, मी तेव्हा बसमध्ये चढत होतो. दिनेश म्हणाला, मी तिथे नव्हतोच, मैदानावर सरावाला होतो. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी तसं लिहून दिलं. तपास करणारे सबइन्स्पेक्टर मला म्हणाले, "मुलगी खोटं बोलत नाही, हे मला कळतं. पण कोर्टात अकरा जण सांगणार की तो आमच्याबरोबर बॉल मारत होता. मी काय करू?"

सुमनचं म्हणणं मी तिच्या घरी जाऊन घेतलं होतं. गालावर पट्टी असल्यामुळे ती अर्धं तोंड उघडून बोलायची. घर मालवणकडचं. वडील गिरणी सुटल्यावर एका गोदामावर वॉचमन होते. ते खिडकीपाशी उभे होते आणि पुन्हापुन्हा एकच म्हणत होते.

"केस मागे घेऊया. आपल्याला इथेच राहायचं आहे."

"बाबा, मग मी काय खोटी ठरू?" सुमन म्हणाली.

"खोटी कोण म्हणतं तुला?"

"अख्खा क्लब म्हणतो. तो सरावाला होता म्हणे. मग माझा गाल कोणी कापला, मीच?"

 एवढंच पणाला लागलं होतं, आणि तिच्या दृष्टीने तेच सगळं होतं. आपल्याला कोणी कापलं हे ती सांगत होती आणि तिच्याच इमारतींच्या मधोमध खेळणारी अकरा माणसं ते खोटं पाडत होती.

त्यानंतर उपांत्य सामना झाला. मी क्रीडावार्ताहर म्हणून गेलो होतो. वाडी इलेव्हनची मुलं दंडाला काळ्या फिती बांधून उतरली. कोण गेलं असं मी शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, "कोणी नाही गेलं. दिनेश आत आहे ना, त्याच्यासाठी." या संघात एक प्रथा होती. एखादा खेळाडू जखमी असला किंवा वारला तर सुरुवातीचा मिनिटभर त्याची जागा मोकळी ठेवून दहा जणांनी खेळायचं. त्या दिवशी दिनेशची जागा मोकळी ठेवली होती. मिनिट संपल्यावर बदली खेळाडू आत आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उत्तरार्धात नंदूने गोल केला. तो बाकाकडे धावला, तिथे घडी करून ठेवलेला नऊ नंबरचा शर्ट त्याने उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर उभा धरला आणि उजव्या कॉर्नरच्या दिशेने निघाला. मागून सगळा संघ. त्या कॉर्नरला लागून सुमनची इमारत होती. तिच्या गॅलरीच्या बरोबर खाली ते थांबले. शर्ट वर धरून, नाचत, "दिनेश! दिनेश!" असं ओरडत. मैदानाच्या दोन बाजूंनी तोच घोष सुरू झाला.

दुसऱ्या मजल्यावर सुमन उभी होती. टाके काढल्यानंतर ती पहिल्यांदाच गॅलरीत आली होती. तिने तोंड झाकलं नाही. आवाज कशाचा आहे ते कळेपर्यंत ती खाली बघत राहिली आणि मग आत गेली. तिची आई मात्र कठड्यावर वाकून ओरडली, "ह्यांका लाज कशी वाटत नाय रे?" त्या गोंगाटात ते कुणाला ऐकू गेलं नसावं. मी खालीच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

त्याआधी मी प्रेतं पाहिली होती, दंगल पाहिली होती. एखाद्या जमावाने ओरडत कुणाच्या दारावर जाणं मला नवीन नव्हतं. पण इथे जमाव खूश होता. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याची मला आजही संगती लागत नाही.

सामन्यानंतर मी नंदूला गाठलं.

"हे काय होतं?"

"दोस्ती, साहेब. आपला माणूस आत आहे."

"ती मुलगी तिथेच वर राहते."

"ठाऊक आहे. तिच्यासाठी नाय केलं. दिनेशसाठी केलं."

"मग तिच्याच इमारतीखाली का?"

तो बुटाच्या नाड्या सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "कॉर्नर तिकडेच होता."

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर तो फोटो आला. शर्ट वर धरलेला नंदू, मागे हसणारे चेहरे. ओळ होती, "संकटातील मित्राला गोल अर्पण". फोटो निवडणाऱ्याला त्या गॅलरीविषयी काहीच माहीत नव्हतं.

उत्तर दिलं ते वस्तीतल्या बायकांनी. पुढच्या संध्याकाळी पोरं सरावाला आली तेव्हा पंधरा-वीस बायका गोलपोस्टमध्ये मांडी घालून बसल्या होत्या. कुणी तांदूळ निवडत होती, कुणी मेथी. नंदू म्हणाला, "काकी, उठा ना. प्रॅक्टिस आहे."

"कर ना प्रॅक्टिस," एक काकी म्हणाल्या. "आम्ही कुठे अडवतोय? मार बॉल. माझ्या डोक्यावर मार. पोरीबाळींवर हात टाकायची सवयच आहे तुमच्या टीमला."

"आम्ही काय केलं?"

"नाचलात. तेच केलंत."

आठवडाभर सराव झाला नाही. अंतिम सामना जवळ आला होता. अखेर क्लबच्या कमिटीची बैठक बसली. अध्यक्ष काशिनाथराव, वस्तीत केबलच्या तारांपासून गणपतीच्या मंडपापर्यंत सगळं बघणारे गृहस्थ, यांनी तोडगा काढला. बायकांना त्यांनी कळवलं की त्या मुलीचा आम्ही योग्य तो मान राखतो आहोत. बायका उठल्या. दोन दिवसांनी निमंत्रणपत्रिका माझ्या हातात पडली. अंतिम सामन्याआधी "कु. सुमन हिचा तिच्या धैर्याबद्दल शाल व श्रीफळ देऊन भव्य सत्कार". संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, इमारतीचा क्रमांक, सगळं छापलं होतं.

मी काशिनाथरावांच्या ऑफिसात गेलो.

"हे तिला विचारलं का?"

"सत्काराला कोण विचारतं? सरप्राइज असतं ते."

"तिच्यावर झालेला हल्ला म्हणजे काय पराक्रम आहे? तिला परत कामावर जायचं आहे. लोकांनी ओळखू नये म्हणून आम्ही नाव छापलं नाही."

ते खरोखर दुखावले. "तुम्ही पेपरवाले नाव छापत नाही, म्हणजे लपवता. जसं काय तिनेच पाप केलंय. आम्ही सगळ्यांसमोर मान देतोय. टीमची पोरं लाइनमध्ये उभी राहून नमस्कार करणार. आणखी काय पाहिजे?"

या माणसाला मी लबाड म्हणू शकलो असतो तर सोपं झालं असतं. पण तो लबाडी करत नव्हता. त्याला वाटत होतं की शर्ट दाखवून जे बिघडलं ते शाल घालून दुरुस्त होईल. क्लबने पोलिसांना दिलेल्या खोट्या जबाबाविषयी मी विचारलं. ते म्हणाले, "ते वेगळं. ते केसचं आहे."

सुमनला मी सावध करायला हवं म्हणून तिच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. सगळी बोरिवलीला मामाकडे गेली होती. अंतिम सामन्याच्या दुपारी ती परत आली आणि तासाभरात संघातली दोन मुलं तिच्या दारात गेली. टीमला तुझी माफी मागायची आहे, असं त्यांनी सांगितलं. सत्काराचा शब्द काढला नाही. आई म्हणाली, "नको जाव गो." सुमन म्हणाली, "माफी मागतायत ना? मग ऐकूया."

मैदानावर मंडप, माईक, हार घातलेला चषक. दोन्ही संघ रांगेत. ती आईबरोबर आत आली आणि निवेदकाने तिचं नाव पुकारलं, पूर्ण, तीनदा. एखाद्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं तो सांगू लागला, कुठल्या कारखान्यात काम करते, हल्ला कसा झाला, किती टाके पडले. ती थांबली. मागे वळायला जागा नव्हती, लोक उभे राहिले होते. तिला बघायला, गाल बघायला. पोरं इमारतींच्या कठड्यांवर चढली.

काशिनाथरावांनी शाल उलगडली आणि फोटोवाल्याला हाक मारली. खेळाडूंनी ठरल्याप्रमाणे हात जोडले. सुमनने एक पाऊल मागे घेतलं.

"शाल नको," ती म्हणाली. माईक जवळच होता. आवाज सगळ्या मैदानावर गेला. मग ती नंदूकडे वळली. "नंदू, त्या दिवशी तू स्टॉपवर होतास. तू बघितलंस. मी तुला हाक मारली आणि तू बसमध्ये चढलास. नमस्कार नको मला. कोर्टात येऊन सांगशील का?"

मला हे ठाऊक नव्हतं. पोलिसांनाही नव्हतं. पुढे मी तिला विचारलं, जबाबात त्याचं नाव का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "वाटलं, तो स्वतःहून येईल. शेजारीच राहतो ना."

नंदूचे हात जोडलेलेच राहिले. काही क्षण पूर्ण शांतता होती. निवेदकाला शांततेची सवय नसावी. त्याच्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालं, "जोरदार टाळ्या!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या, भरघोस टाळ्या. तिची आई तिच्या डोक्यावर पदर धरून तिला बाहेर नेत असतानाही त्या चालू होत्या.

सामना झाला. नंदू पूर्ण वेळ खेळला. वाडी इलेव्हन हरली. कचेरीने माझ्याकडून फक्त निकाल घेतला.

पुढच्या आठवड्यात नंदू पोलीस ठाण्यात गेला आणि त्याने जबाब दिला. दिनेश स्टॉपवर होता, त्याने ब्लेड चालवलं, ते मी पाहिलं. संघातल्या मुलांनी नंदूशी बोलणं टाकलं. त्याला कर्णधारपदावरून काढलं. काशिनाथराव त्याच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांना म्हणाले, "पोराने टीमची वाट लावली."

खटला उभा राहायला दीड वर्ष लागलं. अंधेरीच्या कोर्टात नंदूची साक्ष झाली त्या दिवशी मी होतो. सरकारी वकिलांनी विचारलं तेवढं त्याने सरळ सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. त्यांच्या हातात क्रीडा पानाचं कात्रण होतं.

"हा फोटो कोणाचा?"

"माझा."

"हातात शर्ट कोणाचा?"

"दिनेशचा."

"म्हणजे घटनेनंतर महिन्याभराने तुम्ही हजारभर लोकांसमोर या माणसाच्या नावाने नाचत होता. आज म्हणता, त्याने ब्लेड मारताना पाहिलं. यातलं खोटं काय? शर्ट की साक्ष?"

वकिलांचा प्रश्न बिनतोड होता. साक्ष इथे कोसळणार असं मला वाटलं. नंदूने कात्रण बराच वेळ पाहिलं.

"खोटं काही नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पाहिलं होतं. तरी नाचलो."

मॅजिस्ट्रेटनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. वकिलांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, पण त्यांना स्वतःलाच कळलं असावं की स्वतःला इतकं वाईट ठरवणारा साक्षीदार खोटा ठरवता येत नाही. निकाल नंतर लागला आणि दिनेशला शिक्षा झाली. ती त्या उत्तरामुळे झाली, असं सरकारी वकील मला म्हणाले.

पण सुमन ते उत्तर ऐकत मागच्या बाकावर बसली होती. स्टॉपवर त्याने पाहिलं, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तरी शर्ट घेऊन धावताना त्याने स्वतःची काहीतरी समजूत घातली असेल, तो घाबरला असेल, त्याला नीट दिसलं नसेल, असं तिने मनाशी धरलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला तेव्हा कळलं. तो चेहरा मी गॅलरीतही पाहिला होता, मंडपातही. असा नव्हता.

कोर्टाच्या व्हरांड्यात नंदू तिच्यासमोर आला. वकील, पोलीस, तारखेला आलेली माणसं यांची ये-जा चालली होती. त्याने हात जोडले.

"सुमन, मला..."

"हात खाली कर," ती म्हणाली. "लोक बघतायत."

त्याने हात खाली केले.

"आता बोल."

त्याने जाणाऱ्या एका हवालदाराला वाट दिली. मग म्हणाला, "मला वाटलं, तू गॅलरीत नसशील."

"म्हणजे मी नसते तर चाललं असतं?"

 हा प्रश्न नंदूला कोर्टात कुणी विचारला नव्हता. जिन्याखालून तिच्या वडिलांनी रिक्षा थांबवल्याची हाक दिली. सुमनने आणखी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग ती जिना उतरून गेली.